वॉर्डाला पाच गुण

प्राध्यापकपद मिळालं नाही, हे सेतुमाधव सरांनी नंदिताला मराठीत सांगितलं, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

एरवी कॉलेजात ते तिच्याशी इंग्रजीत बोलत, घाईत असले तर तमिळमध्ये. मराठी म्हणजे घरचं बोलणं. लग्नामुंजीतलं, श्राद्धाच्या पंगतीतलं. तंजावुरात ती बोलणारी घरं आता इतकी थोडी उरलीत, की कुणी परक्या जागी मराठीत हाक मारली तर माणूस आपसूक हसून वळतो. सेतुमाधव फार्मसी कॉलेजचे प्रिन्सिपल होते आणि नात्याने नंदिताच्या आईचे मावसभाऊ. लहानपणी ती त्यांना सेतूमामा म्हणायची. नोकरीला लागल्यावर सर म्हणायला लागली, ते त्यांनीच सांगितलं म्हणून.

"बैस गे," ते म्हणाले. "कापी मागवूं?"

"नको, सर. निकाल सांगा."

"यंदा जमलं नाही. भरद्वाजाचं झालं. तूं मनाला लावून घेऊं नकोस."

नंदिता बसलीच नाही. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

"जागा फार्मसी प्रॅक्टिसची आहे," ती म्हणाली. "माझ्या विभागाची. भरद्वाज गोळ्या कशा बनवायच्या ते शिकवतात. वॉर्डात कधी पाऊल टाकलंय त्यांनी?"

"निकष सगळ्यांना सारखे. शंभरातले सत्तर गुण संशोधनाला. त्याचे पेपर बघ किती आहेत. तुझे चार."

"आणि वॉर्डाला?"

"इतर सेवेत येतं ते. जास्तीत जास्त पाच. ते तुला पूर्ण दिलेत हं मी."

पाच गुण पूर्ण दिले, हे त्यांनी असं सांगितलं की जणू घरातलं काही उचलून दिलं. कॉलेजच्या क्रीडा महोत्सवाच्या समितीवर असलं तरी तेवढेच पाच गुण मिळायचे, हे नंदिताला माहीत होतं. भरद्वाज त्या समितीवर होता.

ती काही न बोलता बाहेर पडली. बोलली असती तर सरांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारला असता, असं तिने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. मुरली ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत होता. सरकारी माणूस, त्याला बढतीतलं सगळं राजकारण पाठ होतं.

"पुढच्या वर्षी मिळेल," तो म्हणाला. "तोवर तूं पण चार पेपर लिहून टाक."

"वॉर्डात कोण जाईल मग?"

"कुणीतरी जाईल."

"कोण ते सांगा ना. नाव सांगा!"

मुरलीने ताटात ताक ओतून घेतलं.

रोज सकाळी नंदिता मेडिकल कॉलेज रोडजवळच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात जायची. कॉलेजचा त्या रुग्णालयाशी करार होता. फार्म.डी. या पदवी अभ्यासक्रमाची मुलं तिच्यामागे कॉटमागून कॉट हिंडत आणि ती त्यांना शिकवत असे: डॉक्टरने लिहिलेलं औषध या माणसाच्या किडनीला झेपेल का, हे दुसऱ्या औषधाबरोबर चालतं का, घरी गेल्यावर हा ते कसं घेणार. डॉक्टर अखिला त्या वॉर्डाच्या प्रमुख. सुरुवातीला त्या म्हणाल्या होत्या, फार्मसीवाल्यांचं वॉर्डात काय काम? आता नंदिता रजेवर असली की त्या फोन करून विचारत. तिच्या हाताखाली भुवना नावाची एक तरुण असिस्टंट प्रोफेसर होती. ती दुपारची पाळी करायची आणि दर वर्षी कंत्राट वाढवून घेण्यासाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायची. दोघींना मिळून जो काही अभ्यास सुचायचा, तो लिहून काढायला वेळ म्हणून मिळत नसे.

भरद्वाजला मात्र वेळ भरपूर मिळे. गेल्या तीन वर्षांत त्याच्या नावावर मधुमेहापासून समुद्री शेवाळापर्यंत सगळ्या विषयांवर पेपर निघाले होते. मुलाखतीच्या दोन महिने आधी तो स्वतःहून नंदिताच्या खोलीत आला होता. माणूस तोंडाचा गोड.

"मॅडम, तुमचं नाव घालतो सहा पेपरांत," तो तमिळमध्ये म्हणाला होता. "लिहायचं काही नाही. चेन्नईत लोक आहेत, ते बघतात. फक्त तुमच्या वॉर्डातल्या पेशंटवर अभ्यास केला, असं लिहू द्या."

"कोणता अभ्यास?"

"कोणताही. आकडे ते बसवतात."

नंदिताने दार उघडून धरलं होतं. तो जाईना, तेव्हा ती म्हणाली होती, "माझे पेशंट तुमचे आकडे नाहीत. उठा." हे सगळं तिने त्याच दिवशी सेतुमाधव सरांच्या कानावर घातलं होतं. सर तेव्हा इंग्रजीत म्हणाले होते, की प्रत्येकाची काम करण्याची पद्धत वेगळी असते.

म्हणून आता हा राग नुसता पद गेल्याचा नव्हता. माहीत असून, सांगून, ऐकून घेऊन तरीही त्याच माणसाला तिच्या विभागाच्या डोक्यावर बसवलं होतं. पुढच्याच सोमवारी पाटी बदलली. विभागप्रमुख, डॉ. भरद्वाज. खोलीत नवा एसी आला. वॉर्डात मात्र तो आला नाही. "तुमचं तुम्ही चालू ठेवा, मॅडम," त्याने निरोप पाठवला.

तिने चालू ठेवलं. रोज सकाळी पुदु आरू कालव्याचा पूल ओलांडताना स्कूटीवर बसल्या बसल्या ती मनातल्या मनात सरांशी भांडायची, आणि रुग्णालयाच्या दारात हेल्मेट काढलं की ते भांडण तिथेच ठेवून आत जायची. ते जमेनासं झालं तेव्हा तिला भीती वाटली. एकदा भुवनाच्या हातून एक डोस चुकीचा मोजला गेला, आणि नंदिता मुलांदेखत तिच्यावर अशी ओरडली की पलीकडच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली. नंतर तिने माफी मागितली. भुवना म्हणाली, "अक्का, तुम्ही माझ्यावर नाही रागावलात, ते कळतं मला." ते ऐकून नंदिताला आणखीच लाज वाटली.

पावसाळा संपता संपता तपासणीचं पत्र आलं. फार्म.डी. चालवायची परवानगी पुढे द्यायची की नाही, हे बघायला बाहेरून तिघांचं पथक येणार होतं. सेतुमाधव सरांनी तिला बोलावलं. पुन्हा मराठी.

"वॉर्ड दाखवायचा आहे त्यांना. तीच आपली शान आहे, नंदिता. माहितीपत्रकावर तुझाच फोटो छापलाय बघ."

खरंच छापला होता. पांढऱ्या कोटात, एका पेशंटला गोळ्यांची पट्टी दाखवताना.

"पाच गुणांची शान," ती म्हणाली.

"असं बोलूं नये. घरचं माणूस तूं. भरद्वाज असेलच, तूं फक्त जवळ राहा. काही विचारलं तर सांभाळून घे."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सरांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

तपासणीच्या आदल्या दिवशी पापनाशमहून एक बाई वॉर्डात आली होती. शेतात मजुरी करणारी, पन्नाशीची, तोंडभर फोड, ताप, बोलताही येत नव्हतं. सांधेदुखीवर तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. ती रोज घेत होती. कुणी नीट सांगितलंच नव्हतं, पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं. मुलांना वाटलं साधा जंतुसंसर्ग असेल. नंदिताने बाईच्या मुलीला पिशवी उपडी करायला लावली, रिकामी पट्टी बघितली आणि तशीच डॉक्टर अखिलांकडे धावली. उतारा म्हणून इंजेक्शन त्याच तासात सुरू झालं. सकाळपर्यंत ताप उतरणीला लागला होता, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी अजून खालीच होत्या. त्या बाईची कॉट दारापासून दुसरीच होती.

पथकाच्या प्रमुख कोइंबतूरच्या एक वयस्क बाई होत्या. केस पूर्ण पांढरे, सुती साडी, पायात चपला. त्या सरळ त्या कॉटजवळ थांबल्या आणि केसपेपर उघडून वाचू लागल्या. एका बाजूला सेतुमाधव सर, दुसऱ्या बाजूला घडी न मोडलेल्या पांढऱ्या कोटात भरद्वाज. मागे मुलं, त्यांच्या मागे नंदिता आणि भुवना.

"विभागप्रमुख कोण?" बाईंनी विचारलं.

"मी, मॅडम," भरद्वाज म्हणाला.

"हे इंजेक्शन कशासाठी चालू आहे?"

भरद्वाजने केसपेपरावरचं नाव वाचलं. "अशक्तपणासाठी, मॅडम. जीवनसत्त्वाचा प्रकार आहे. रक्त वाढायला."

"असं? मग दर सहा तासांनी का? आणि कालपासूनच का?"

तो हसला. मग त्याने मान वळवून नंदिताकडे पाहिलं. त्याच्या मागोमाग सरांनी पाहिलं, मुलांनी पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं की उत्तर तिच्याकडे आहे. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचे ओठही हलले. तिलाही उत्तर येत होतं. नंदिता तशीच उभी राहिली. पेशंटला आता या उत्तराची गरज नव्हती. तिचं जे करायचं ते करून झालं होतं. गरज होती ती या दोन माणसांना.

"सांग गे," सर दबल्या आवाजात म्हणाले. मराठीत.

तिनेही मराठीतच उत्तर दिलं, पण दबल्या आवाजात नाही.

"मी कशाला सांगूं, मामा? प्रमुख ते आहेत. त्यांना सत्तर गुण दिलेत तुम्ही. मला पाच दिलेत. पाच गुणांचं काम मी काल करून ठेवलंय, ही बाई जिवंत आहे बघा. बाकीच्या सत्तरांचं ते बोलतील."

तिने त्यांना मामा म्हणणं सोडल्याला अकरा वर्षं झाली होती.

"काय म्हणाल्या त्या?" पथकाच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं. "कोणती भाषा ही?"

"आमची घरची भाषा, मॅडम," सर घाईघाईने म्हणाले. "ती म्हणते, विभागप्रमुखांचा मान आहे, त्यांनीच उत्तर द्यावं."

इथवर नंदिताने ठरवून काही केलं नव्हतं. पण स्वतःचे शब्द आपल्याच डोळ्यांदेखत, आपल्याच भाषेतून उचलून असे खोटे करून टाकलेले ऐकले, आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"मी असं म्हटलेलं नाही, मॅडम," ती तमिळमध्ये म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं. आधी इंजेक्शनचं: रोज घेतलेली गोळी, तोंडातले फोड, उतारा, पेशींची संख्या. मुलांना शिकवते तसं, एकेक पायरी. मग त्याच आवाजात पुढे: या वॉर्डात कोण येतं, कोण येत नाही, प्रमुख कशाच्या जोरावर झाले, पेशंटचे आकडे बसवून देणारे लोक कुठे असतात, आणि हे प्रिन्सिपलना कधी सांगितलं होतं. भरद्वाज मध्ये काही बोलू लागला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. तुम्हाला विचारलं तेव्हा बोलायचं होतं."

डॉक्टर अखिला तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पथकाच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"पहिला भाग मी शपथेवर सांगेन," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा त्यांच्या कॉलेजचा. पण त्या गृहस्थांना मी आज पहिल्यांदा बघतेय."

पुढे जिन्यात सरांनी तिला गाठलं.

"कॉलेज बुडवलंस! बहिणीची लेक म्हणून मी तुला घेतलं, शिकवलं, आणि तूं परक्यांसमोर—"

"आईला यात ओढूं नका. आणि परके कोण, मामा? त्या बाई परक्या, की तुम्ही?"

"पोरांचं काय होईल, विचार केलास?"

हा प्रश्न मात्र तिला लागला. महिन्याभराने अहवाल आला: पात्र विभागप्रमुख नेमेपर्यंत नवे प्रवेश बंद. स्टाफरूममध्ये तिच्या टेबलाशी कुणी बसेना. ज्यांनी मुलाखतीनंतर तिच्या कानाशी येऊन "अन्याय झाला हो" म्हटलं होतं, तेच आता म्हणू लागले, की स्वतःच्या बढतीसाठी सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. तिने त्यातल्या एकाला कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हा अन्याय कशाला म्हणालात मग?" त्याने इडलीतून डोकं वर काढलं नाही. भरद्वाजला गुपचूप त्याच्या जुन्या विभागात परत पाठवलं. प्राध्यापकपद मात्र त्याच्याकडेच राहिलं. पेपरांबद्दल चौकशी करू, असं सगळे म्हणाले आणि कुणी केली नाही.

मग एक दिवस करस्पाँडंटनी तिला बोलावलं. कॉलेज ज्या ट्रस्टचं, त्याचे ते सर्वेसर्वा. सेतुमाधव सर बाजूच्या खुर्चीत खाली बघत बसले होते.

"अम्मा, झालं गेलं सोडा," करस्पाँडंट म्हणाले. "खास हुकूम काढतो. उद्यापासून तुम्ही प्राध्यापक आणि विभागप्रमुख. खूश?"

"निकष बदलणार?"

"निकष कशाला? तुमचं काम झालं ना."

"माझं काम निकषाने अडवलं होतं, तर निकषानेच व्हायला हवं. खास हुकूम नको मला. उद्या भुवनाची वेळ येईल तेव्हा तिच्यासाठी कोण काढणार हुकूम?"

"तुम्हाला भांडणच हवंय असं दिसतं," ते म्हणाले.

"हो," नंदिता म्हणाली. "हवंय."

घरी मुरलीने कपाळाला हात लावला. पण त्या आठवड्यात त्यानेच तिच्यासाठी सरकारी भाषेतला मसुदा नीट करून दिला. वॉर्डातल्या कामाला संशोधनाच्या बरोबरीने गुण, मोजायचे कसे, तपासायचे कुणी. पोंगलच्या सुट्टीत दोघं जेवणाच्या टेबलावर त्यावरच वाद घालत बसले. डॉक्टर अखिला आपणहून समितीवर यायला तयार झाल्या. प्रवेश बंद असल्यामुळे ट्रस्टला घाई होती. नाहीतर हे कधीच झालं नसतं, याबद्दल नंदिताच्या मनात कसलाही भ्रम नव्हता.

मार्चमध्ये अकॅडमिक कौन्सिलसमोर नवे निकष आले. शिकवणं, संशोधन आणि रुग्णसेवा, तिन्हींना जवळजवळ सारखं वजन. सरांनी ते इंग्रजीत वाचून दाखवले. त्या जिन्यातल्या दिवसापासून ते तिच्याशी मराठीत एक अक्षर बोलले नव्हते. वाचून झाल्यावर करस्पाँडंटनी चष्मा काढला.

"मंजूर. फक्त एक गोष्ट जोडा. हे आजपासून पुढे लागू. मागचं काम यात धरायचं नाही. नंदिता मॅडमचा अपवाद अर्थात करू."

टेबलाभोवती माना हलल्या. कुणीतरी फाइल मिटली. नंदिताने भिंतीशी बसलेल्या भुवनाकडे पाहिलं. तिची वॉर्डातली सगळी वर्षं एका वाक्यात पुसली जात होती, आणि तिला ते अजून पुरतं कळलंही नव्हतं. इतिवृत्त लिहून घेण्यासाठी बोलावलं होतं तिला. ती लिहून घेत होती.

नंदिता उठली.

"माझा अपवाद काढा," ती म्हणाली. "मागचं धरायचं नसेल तर माझंही धरू नका. मग तुमच्याकडे विभागप्रमुख नाही आणि प्रवेश बंदच राहतील."

"मॅडम, बसा."

"बसत नाही. जे काम माहितीपत्रकावर छापून मुलांकडून फी घेतलीत, तपासणीला दाखवलंत, ते झालंच नाही असं आज लिहिणार? कुणाच्या हातून लिहून घेणार? तिच्याच?"

भुवनाचं पेन थांबलं. करस्पाँडंटनी सेतुमाधव सरांकडे पाहिलं, तुमची माणसं तुम्हीच आवरा अशा नजरेने. सरांनी समोरचा कागद जवळ ओढला. नंदिताला वाटलं, आता ते पुन्हा तिचे शब्द फिरवून सांगतील. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ती ओळ मी घालत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तुम्हाला घालायची असेल तर तेव्हाच्या प्रिन्सिपलकडून घालून घ्या."

त्या दिवशी ती ओळ घातली गेली नाही. एप्रिलमध्ये नंदिता नव्या निकषांवर प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाली, भुवना जूनमध्ये कायम झाली. लोकांनी नंदिताला विचारलं, आता तरी सरांशी बोलशील ना? शेवटी त्यांनी बाजू घेतली की तुझी.

"एकदा घेतली," ती म्हणाली. "भरद्वाजच्या पेपरांचं काय झालं ते विचारलंय मी त्यांना. पत्र दिलंय, उत्तर नाही. परवा पुन्हा देणार आहे."